गालफुगी झाली होती म्हणून मुलाला नकार? तुम्हाला पटतं का हे

अमळनेरचा_भो
मित्राचं जमलं होतं जवळजवळ, सुपारी फुटायची बाकी होती आणि आखाजीनंतरची तारीख बघत होते. मुलीकडच्यांच्या कानावर कोणीतरी घातलं की पोराला कॉलेजात असताना, होस्टेलला, गालफुगी (गालगुंड, इंग्रजीत मम्प्स) झाली होती आणि खाली पण सूज उतरली होती. झालं. दुसऱ्या दिवशी फोन, "योग दिसत नाही." योग वगैरे काही नाही, सरळ डोक्यात बसलंय की गालफुगी झालेल्या पोराला लेकरू होत नाही. त्याची एक टेस्ट नाही, रिपोर्ट नाही, डॉक्टरला विचारलं नाही, कोणीतरी सांगितलं आणि विषय संपला.

मी वाचलं, डॉक्टरला पण विचारलं. लहानपणी झाली तर अंडकोषाला सहसा काही होत नाही. वयात आल्यावर झाली तर 100 पैकी साधारण 15 ते 30 जणांना तिथे सूज येते, ते पण बहुतेकांना एकाच बाजूला. दुसरी बाजू काम करतच असते ना. मग सरसकट नकार कशाला? मला हे चूक वाटतं, तुम्ही बोला.

चोपड्याचे_नाना
बेटा, तू मित्राच्या बाजूने बोलतोय ते ठीक, पण जरा मुलीच्या बापाच्या जागी बसून बघ. तो कर्ज काढून लग्न लावतो, आणि उद्या लेकरू नाही झालं तर बोल कोणाला? पोरीलाच. मग आधीच विचारलं तर काय बिघडलं? आम्ही केळीवाले, सीएमव्ही (केळीवरचा व्हायरसचा रोग) आलेल्या बागेतलं बेणं कोणी फुकट दिलं तरी घेत नाही. आमच्या गावात एक जण आहे, त्याला ऐन विशीत गालफुगी झाली होती, दोन्हीकडे सूज होती, आज पन्नाशीला आला, मूलबाळ नाही. हे मी डोळ्याने बघितलेलं सांगतोय, वाचलेलं नाही.

यावलकर
नाना केळीचं इकडे आणू नका 😄 सीएमव्हीचं झाड बरं होत नाही, उपटूनच फेकावं लागतं. गालफुगी झालेला माणूस पंधरा दिवसांत शेतात असतो.

आणि तुमच्या गावच्या त्या माणसाची तपासणी केली होती का कोणी? का गावानेच ठरवलं? पन्नाशीला आलेले बिनालेकराचे माणसं आमच्याकडे पण आहेत, त्यातल्या कोणालाच गालफुगी झालेली नव्हती. तंबाखू, गुटखा, बिना मास्कची फवारणी, त्यात मे महिन्यात आपल्याकडे 45-46 डिग्री आणि दिवसभर ट्रकच्या केबिनमध्ये बसणं, हे कोणी मोजत नाही आणि सगळ्यांना व्हायरसच दिसतो. मला तर हे सगळं टेस्टवाल्यांचं दुकान वाटतं, घाबरवा आणि पैसे काढा.

धुळ्याची_लेक
नाना, "बोल पोरीलाच" हे तुम्हीच लिहिलं म्हणून बरं झालं. माझंच सांगते. लग्नानंतर लेकरू राहत नव्हतं तर माझी सोनोग्राफी, माझ्या नळ्यांची तपासणी, माझ्या हार्मोनच्या टेस्ट, वर कानबाईला नवस, उपास, कुठल्या कुठल्या बाबाचा अंगारा, सगळं करून झालं. डॉक्टर मॅडम पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की मिस्टरांची तपासणी करा, ती सगळ्यात सोपी आणि सगळ्यात स्वस्त. पण घरात एकच, "आमच्या खानदानात असं कोणाला नाही." शेवटी केली तर शुक्राणूंचा काउंट कमी निघाला. गालफुगी नव्हती झाली त्यांना, कारण काय ते कळलं पण नाही, औषधपाणी झालं आणि आज मुलगी शाळेत जाते. पण आधीचे ते दिवस मला कोण परत देणार आहे.

म्हणून माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. लग्नाआधी विचारा, पण दोन्हीकडून विचारा. मुलीला पाळी नियमित येते का हे मावशीच्या मार्फत हळूच विचारतातच ना लोक? मग मुलाचं विचारलं की अपमान का होतो? फक्त गावातून ऐकून नकार देऊ नका, ते घाणेरडं आहे.

भुसावळ_लॅबवाला
मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, पण रोज वीर्याचेच सॅम्पल बघतो म्हणून लिहितो, जरा लांबेल.

नानांचं पूर्ण चूक नाही. गालफुगीचा व्हायरस अंडकोषात गेला तर आत सूज येते आणि वरचं आवरण कडक असतं, ते ताणत नाही, म्हणून आतल्या बारीक नळ्यांवर दाब येतो आणि त्याच नळ्यांत शुक्राणू तयार होतात. सूज आलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांचा तो अंडकोष नंतर थोडाफार बारीक होतो. पण एका बाजूचा बारीक झाला म्हणजे माणूस बाप होणार नाही असं नाही. काउंट कमी होऊ शकतो, वेळ लागू शकतो. कायमचं बंद होणं दुर्मीळ आहे, आणि ते बहुतेक दोन्ही बाजूंना झालेल्यांमध्ये. तशा केसमध्ये पण आता अंडकोषातून शुक्राणू काढून इक्सी करतात, म्हणजे लॅबमध्ये एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडतात, खर्चिक आहे पण रस्ता आहे.

यावलकर, तंबाखू आणि गरमी बरोबर, पण ताप पण गरमीच आहे भाऊ. अंडकोष बाहेर लटकतात ते उगाच नाही, शरीरापेक्षा 2-4 डिग्री थंड लागतं तिथे. कुठलाही व्हायरस घ्या, फ्लू, डेंग्यू, कोविड, मोठा ताप येऊन गेला की पुढचे दोन-तीन महिने रिपोर्ट खराब येऊ शकतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून तापातून उठून लगेच टेस्ट करून रडू नये. तीन महिने थांबा, मग करा, आणि एकाच रिपोर्टवर जाऊ नका, दोनदा करा, आधी 2 ते 7 दिवस संबंध नको. दुकान म्हणता, तर माझ्या टेबलावरची ही सगळ्यात कमी पैशाची टेस्ट आहे, दुकान नंतरच्या गोष्टींचं असतं.

नंदुरबार_शहादा
कोणी खरं बोलत नाही. 2021 नंतरच हे वाढलं, कोविडची लस घेतली तेव्हापासून. आमच्याकडे पाड्यांवर लोक तेव्हाच म्हणत होते की या सुईने नामर्द होतात.

भुसावळ_लॅबवाला
म्हणत होते, माहीत आहे, जानेवारी 2021 मध्येच देशाच्या औषध नियंत्रकांनी ते साफ खोटं म्हणून सांगितलं होतं. अमेरिकेत बोस्टन युनिव्हर्सिटीने लेकरासाठी प्रयत्न करणाऱ्या दोन हजारांवर बायका आणि त्यांच्या नवऱ्यांचा अभ्यास केला, 2022 ला आला. लशीने काही फरक दिसला नाही. उलट ज्या पुरुषांना आधीच्या 60 दिवसांत कोविड झाला होता त्यांच्याकडे दिवस राहण्याचं प्रमाण थोडं कमी दिसलं, आणि 60 दिवसांच्या पुढे तो फरक गेला. आणि नामर्दपणा वेगळा, काउंट वेगळा. ज्याचा काउंट शून्य आहे त्याचा संसार बाकी सगळ्या बाबतीत नीट चालू असतो, म्हणून तर त्याला शंका पण येत नाही.

नंदुरबार_शहादा
अमेरिकेत लस वेगळी होती. इथली वेगळी.

भुसावळ_लॅबवाला
वेगळी होती, मान्य. पण मग इथल्या लशीने नामर्द केल्याचा पुरावा तुम्ही दाखवा. पाड्यावर बोलत होते हा पुरावा नाही.

धुळ्याची_लेक
लशीचं निघालंच आहे तर एक सांगा, सरकारी डोस सगळे दिले की गालफुगीचं होऊन जातं ना? माझ्या भाच्याचं कार्ड पूर्ण भरलेलं आहे तरी त्याला झाली.

भुसावळ_लॅबवाला
ताई, नाही होत. सरकारी जी देतात ती एमआर, गोवर आणि रुबेला. गालफुगीचा एम त्यात नाहीच. 2018 ला शाळाशाळांत जी मोहीम झाली ती पण एमआरचीच. गालफुगीसाठी एमएमआर (गोवर, गालफुगी, रुबेला तिन्हींची एक) लागते, ती खासगी बालरोगतज्ज्ञाकडे पैसे देऊन, 9 महिने, 15 महिने आणि मग 4 ते 6 वर्षांच्या दरम्यान. बालरोगतज्ज्ञांची संघटना मागणी करते आहे सरकारी कार्यक्रमात घ्या म्हणून, पण आजार सौम्य म्हणून मागे पडतं.

चोपड्याचे_नाना
म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याच्या पोराला सुई आणि मजुराच्या पोराला गेरूचा लेप. हे मात्र तुम्ही खरं बोलले. आश्रमशाळेत एकाला झाली की आख्खी खोली आडवी होते.

पण माझा मुद्दा तिथेच आहे. भीती खोटी नाही, कमी जास्त असेल. मुलाने रिपोर्ट दाखवावा, मी स्वतः मध्यस्थी करतो.

अमळनेरचा_भो
विचारलं त्याला नाना. टेस्ट करायला तयार आहे, पण म्हणतो रिपोर्ट चांगला आला तरी त्या घरी घेऊन जाणार नाही. ज्यांनी तोंडावर विचारलं नाही त्यांना कागद कशाला दाखवू. पुढच्या स्थळाला स्वतःहून सांगेन, आणि त्यांच्याकडूनही मोकळेपणाने सगळं ऐकेन.

चोपड्याचे_नाना
मग बसा अडून दोघं. पोरगी चांगली होती.

यावलकर
नाना पोरगी चांगलीच असेल, बाप कच्च्या कानाचा आहे 😄

होस्टेलवाला_नाशिक
सगळं वाचलं, अर्धवट कळलं. मूळ गाव शिरपूर, सध्या नाशिकला. रूममेटला मागच्या आठवड्यात गालफुगी झाली, कालपासून माझा पण डावा गाल सुजलाय आणि ताप आहे. आई फोनवर म्हणते हळद-गेरू लाव. आता खाली उतरू नये म्हणून काय करायचं?

भुसावळ_लॅबवाला
लेप लाव, आईला बरं वाटेल, आतल्या व्हायरसला काही फरक पडत नाही. उतरणार की नाही हे आपल्या हातात नाही, त्याला औषध नाही, अँटिबायोटिक तर मेडिकलमधून अजिबात घेऊ नको, व्हायरसवर चालत नाही. सूज आल्यापासून पाच दिवस वेगळा झोप, ग्लास-ताट वेगळं. आज डॉक्टरला दाखवून ये आणि तापाची गोळी त्यांना विचारून घे.

पुढच्या आठ-दहा दिवसांत खाली दुखायला किंवा सुजायला लागलं तर लाजून गप्प बसू नको, रात्र असली तरी दवाखान्यात जा. गालफुगीचीच सूज असेल तर आराम, आधार, बर्फाचा शेक आणि दुखायची गोळी यावर भागतं. पण अंडकोषाला पीळ पडला तरी असंच दुखतं, आणि त्यात साधारण 6 तासांच्या आत ऑपरेशन लागतं, नाहीतर तो अंडकोष जातो. दोन्हीतलं कुठलं ते तुला घरी बसून कळणार नाही.

होस्टेलवाला_नाशिक
ओके दादा. संध्याकाळी जातो.

धुळ्याची_लेक
संध्याकाळी नको, आत्ताच जा रे बाबा.