सुझुकीचे मूळ मागात आहे काय?

प्रश्न (विटा): येथील यंत्रमागधारक म्हणतात की सुझुकी मुळात मागच बनवीत असे. हे खरे काय? आणि जुनी मारुती ८०० आता घ्यावी काय?

उत्तर (सांगली): खरे आहे. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हामामात्सु येथे मागांचा कारखाना काढला, १९५५ मध्ये सुझुलाइट ही मोटार आली आणि १९८३ च्या डिसेंबरात गुडगावातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली.

उत्तर (कऱ्हाड): आमची ८०० अजून धावते. चौघे बसल्यावर खंबाटकी घाट दुसऱ्या गियरमध्येच चढावा लागतो, पण ७९६ सीसीकडून आणखी काय मागायचे! उत्पादन २०१४ मध्ये थांबल्यामुळे घेण्यापूर्वी पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत आणि पत्र्याखालचा गंज अवश्य पाहावा.