कुत्ब, लादेन, बगदादी: एकाच माळेचे मणी?

फोंडेकर
पुढच्या आठवड्यात वाचनकट्ट्यावर जिहादी नेत्यांच्या प्रेरणांवर वीस मिनिटं बोलायचं आहे. सगळ्यांना एकत्र घेऊ का? ‘धर्मवेड’ म्हटलं की भागतं का?

पेडण्याचा वाचक
भागत नाही, फोंडेकरबाब. सुरुवात तुरुंगापासून करा. सय्यद कुत्ब हा इजिप्तचा इस्लामी विचारवंत. त्याला तिथल्या नासरच्या राजवटीने 1954 मध्ये आत टाकलं. तिथल्या छळानंतर त्याची मांडणी टोकाला गेली: मुसलमान म्हणवणारे राज्यकर्तेही ‘जाहिलिया’त, म्हणजे इस्लामपूर्व अज्ञानात आहेत. 1966 च्या फाशीने तो अनुयायांचा हुतात्मा झाला. जवाहिरी, पुढे अल कायदाचा म्होरक्या, तोही इजिप्तचाच, पेशाने सर्जन. 1981 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांच्या हत्येनंतर तोही तुरुंगात गेला. या दोघांचा पहिला शत्रू कैरोतलं सरकार, अमेरिका नव्हे.

लादेनचं वेगळं. घरचा गडगंज. सद्दामने 1990 मध्ये कुवेत घेतलं तेव्हा सौदी राजाने त्याची मदत नाकारून अमेरिकी फौज बोलावली. 1996 च्या त्याच्या जाहीरनाम्यात हाच राग मुख्य आहे. ‘जवळचा शत्रू’ म्हणजे आपल्याच देशातले राज्यकर्ते आणि ‘दूरचा शत्रू’ म्हणजे अमेरिका, हा फरक सुटला, की पुढचं सगळं गोंधळाचं होतं.

डिचोलीकर
पण नुसत्या विचाराने काही उगवत नाही, जमीन लागते. मे 2003 मध्ये अमेरिकेने इराकी सैन्य बरखास्त केलं आणि शस्त्र चालवता येणारी लाखो माणसं एका फटक्यात बेकार झाली. पुढे ‘इस्लामिक स्टेट’चा म्होरक्या झालेला बगदादी 2004 मध्ये इराकमधल्या अमेरिकेच्या बुक्का छावणीत कैदेत होता. अशा छावण्यांत ओळखी जुळल्या. माळ तर केव्हाच तुटली होती: इराकमधल्या अल कायदाचा म्होरक्या झरकावी याचं शियांवरचं हत्यासत्र जवाहिरीलाही परवडेना, 2005 मध्ये पत्र लिहून त्याने समजावलं. फेब्रुवारी 2014 मध्ये अल कायदाने बगदादीच्या गटाशी नातंच तोडलं. खिलाफतीची घोषणा त्यानंतर, जूनमध्ये.

फळ्यावर तीन रकाने आखा: कोण, शत्रू कोण, हवं काय. तालिबानच्या मुल्ला उमरच्या ‘हवं काय’मध्ये अफगाणिस्तानच येईल, जग नाही. बळींमध्ये मुसलमानच जास्त, हेही सांगा. आणि कृपा करून आदिलशाहीपासून सुरू करू नका. आपल्या फोंड्याच्या आदिलशाही काळातल्या साफा मशिदीचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

फोंडेकर
मसूद अजहर कुठल्या रकान्यात? प्रश्न येणारच.

पेडण्याचा वाचक
शत्रू भारत, हवं काश्मीर. 31 डिसेंबर 1999 ला कंदाहारला अपहृत भारतीय विमानातल्या ओलिसांच्या बदल्यात सुटला, 2000 मध्ये ‘जैश-ए-मोहम्मद’ ही दहशतवादी संघटना काढली. त्याच्यासाठी चौथा रकाना लागेल: पाठीशी कोण. तिथे पाकिस्तानी लष्करी यंत्रणा लिहा.