प्रतिसाद: थंडर २०१२ मध्ये कुठे कमी पडले

२०१२ ची एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) फायनल ओक्लाहोमा सिटी थंडर मायामी हीटकडून हरले. त्यावर 'डुरँटच्या संघाला नशिबाने दगा दिला' असं कुणी म्हटलंय, ते मला पटत नाही. थंडरचे डुरँट, वेस्टब्रूक तेव्हा २३ वर्षांचे, हार्डन, इबाका २२. पहिला सामना जिंकला आणि पुढचे चारही मायामीने नेले. गुणवत्तेत ही पोरं तसूभरही कमी नव्हती, पण सामना हातात आल्यावर तो सांभाळायचा कसा, हे अजून अंगात मुरलेलं नव्हतं.

चौथा सामनाच घ्या. वेस्टब्रूकने ४३ गुण केले, काय खेळला तो! शेवटची जेमतेम १७ सेकंदं उरली असताना संघ तीनने मागे होता, जंप बॉल (दोघांमध्ये वर उडवलेला चेंडू) मायामीकडे गेला. त्यांच्या शॉट क्लॉकवर, म्हणजे फटका मारायच्या मुदतीत, फक्त ५ सेकंदं होती. नुसता बचाव केला असता तरी चेंडू परत मिळण्याची चांगली शक्यता होती. पण वेस्टब्रूकने मायामीच्या चाल्मर्सला फाउल केला, त्याबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो (बिनविरोध फटके) आत, विषय संपला. तिसऱ्या सामन्यात तर १० गुणांची आघाडी असताना तीन गुणांचा फटका मारणाऱ्यांना दोनदा फाउल करून सहा फ्री थ्रो बहाल केले. (त्यातला एक फाउल अनुभवी फिशरचा, हेही खरं.)

समोरचा, मायामीचा लेब्रॉन जेम्स २००७ आणि २०११ च्या फायनल हरून आलेला होता. थंडरला तशी दुसरी संधी मिळायला हवी होती. ऑक्टोबरमध्येच हार्डनला ह्यूस्टनला पाठवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.