रंग ‘गडद’ करा म्हणजे नक्की काय करा?

फोटोतल्या केसांचा रंग संगणकावर कसा बदलायचा, याची पानभर माहिती मराठीत लिहीत होते. आधी घरातल्याच दोघांना करून बघायला दिली. त्यात एक वाक्य होतं : ‘आता केसांचा लाल रंग थोडा गडद करा.’ वहिनीने जी पट्टी सरकवली तिने केस जवळजवळ काळे झाले. भाच्याने दुसरीच पट्टी सरकवली आणि फोटोतल्या मुलीच्या डोक्याला आग लागल्यासारखं दिसायला लागलं. दोघांचंही म्हणणं एकच : ‘तूच तर गडद कर म्हणून लिहिलंयस.’

आणि चूक कोणाचीच नाही. ‘गडद अंधार’ म्हणतो तेव्हा उजेड नसतो. पण ‘फिकट नको, गडद गुलाबी दाखवा’ म्हणणाऱ्याला काळपट गुलाबी नको असतो, ठसठशीत हवा असतो. एकाच शब्दाला दोन कामं. मग सॅच्युरेशनला, म्हणजे रंग किती ठसठशीत ते ठरवणाऱ्या पट्टीला, म्हणायचं काय? ‘संपृक्तता’ लिहिलं तर भाचा तिथेच पान मिटेल. जमलं तर मास्क (नको तो भाग झाकणारा), फेदर (कड मऊ करणारं), ओपॅसिटी (खालचं किती आरपार दिसतं ते) यांनाही काहीतरी सुचवा.

* * *

संपृक्तता वापरा की. शाळेत संपृक्त द्रावण सगळेच शिकलेत. वापरला की रुळतो शब्द.

* * *

रुळेल हो, पण अर्थ जुळतोय का? संपृक्त द्रावण म्हणजे ज्यात आता साखरेचा कणही विरघळणार नाही ते. तिथे शब्दाचा अर्थच ‘पुरेपूर भरलेलं’. इथे आपल्याला शून्यापासून शंभरापर्यंत सरकणारी पट्टी हवी आहे. ‘संपृक्तता पंचवीसवर ठेवा’ हे म्हणजे ‘भरगच्चपणा जरा रिकामा ठेवा’ म्हटल्यासारखं वाटतं मला.

* * *

फोटोंवर हात फिरवायचं काम रोज करतो, म्हणून जरा लांबण लावतो. (हे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत, पडद्यासमोर झालेत.)

गडद-फिकटचा घोळ केसांच्या बाबतीत जास्त नडतो, कारण केसांचं सगळं काम उजळपणा आणि रंगाचा जोर या दोनच गुणांवर चालतं. रंगाचे तीन गुण वेगवेगळे मोजायची पद्धत अल्बर्ट मन्सेल या चित्रकाराने १९०५ च्या आपल्या पुस्तकात मांडली : रंग कोणता, किती उजळ, आणि किती जोरकस. संगणकासाठी अशा तीन पट्ट्यांचं एक गणित अल्वी रे स्मिथ यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या बोलण्यात पहिल्या गुणाला शब्द आहे, उरलेले दोन मात्र ‘गडद’ नावाच्या एकाच खुंटीला टांगलेले.

आता एक काळ्या केसांचा फोटो घ्या आणि पाचशे टक्के मोठा करून बघा. सावलीतल्या एका ठिपक्याचे आकडे समजा ३०, २६, २४ आहेत : लाल, हिरवा, निळा या क्रमाने, ० ते २५५ च्या मापात. वर शुद्ध लाल रंगाचा लेअर (फोटोवर अंथरलेला वेगळा थर) टाकला आणि मिसळण्याची पद्धत ‘कलर’ ठेवली. ही पद्धत रंग आणि त्याचा जोर वरच्या लेअरचा घेते, उजळपणा मात्र खालच्या फोटोचाच ठेवते. म्हणून तर केसांचा पोत, बटा, वळणं जशीच्या तशी राहतात, केसालाही धक्का लागत नाही. पण त्याच कारणाने तो ठिपका होतो ९०, ०, ०. वाळलेल्या रक्ताचा रंग. याहून लाल तो होऊच शकत नाही, मूळचा उजेडच तेवढा. आणि जिथे केस चमकतात तिथला १५०, १४०, १३५ चा ठिपका होतो २५५, ९४, ९४. गुलाबी! एकाच डोक्यावर एकच लाल, पण खाली काळपट आणि वर बबलगम.

इथे नवशिका काय म्हणतो? ‘रंग अजून गडद करायला पाहिजे.’ त्याला म्हणायचं असतं जोर वाढवायला पाहिजे, आणि खरी गरज असते नेमकी उलटी. मूळचे केस आधी कर्व्ह्जने (उजेड कमी-जास्त करायच्या सोयीने) उजळ करायचे, मग वरच्या लाल रंगाचा जोर उतरवायचा. काळ्या केसांवर खराखुरा रंग चढवतानाही आधी ब्लीच करतात, त्यातलीच ही गत.

म्हणून मी शिकवताना ‘गडद’ शब्दच टाकला. ‘उजळ करा / काळपट करा’ एका पट्टीसाठी, ‘रंगाचा जोर वाढवा / उतरवा’ दुसरीसाठी. जोर हा शब्द पावसाला चालतो, आवाजाला चालतो, रंगालाही चालावा.

* * *

‘जोर’ आवडला. मात्र भाषेत हे भेद नाहीत असं वाटत नाही. ते स्वतंत्र शब्दांत नाहीत, जोडशब्दांच्या शेपटात आहेत. पिवळाधमक, लालभडक, हिरवागार, निळाशार : यात रंग काळा कुठेच होत नाही, जोर वाढतो. पांढराफटक म्हणजे रंग उतरलेला, म्हणून घाबरलेल्या चेहऱ्याला लागतो. कापडाची तारीफ करायची तर पांढरंशुभ्र. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट. अदलाबदल करून बघा, केसांचा अपमान होतो.

दुसऱ्या टोकाला -सर, -ऊस आणि -ट. तांबूस, लालसर, सोनेरीसर म्हटलं की रंगाची नुसती चाहूल. पण पिवळसर आणि पिवळट एक नव्हे. पिवळटमध्ये नाक मुरडलेलं असतं. पिंगट, भुरकट केस मात्र निंदेतून सुटलेत, कसे कोण जाणे.

‘भडक’ हा शब्द जोरासाठी घेऊ नका अशी विनंती. तो मोजमाप नाही, शेरा आहे.

* * *

म्हणजे ‘झाक’ हा शब्द इथे हवाच. ‘काळ्या केसांना लालसर झाक द्या’ म्हटलं की ऐकणारा आपोआप हात आखडता घेतो. ‘केस लाल करा’ म्हटलं की बादली ओततो.

* * *

पांढऱ्या केसांबद्दल एक. ह्यूची, म्हणजे रंग कोणता ते बदलणारी, पट्टी उणे १८० पासून अधिक १८० पर्यंत फिरवली तरी राखाडी केस ढिम्म हलत नाहीत, आणि लोक म्हणतात प्रोग्रॅम बिघडला. बिघडलं काही नाही. राखाडीत रंगाचा जोरच शून्य, फिरवणार काय? ‘कलराइझ’च्या चौकोनात खूण केली की मग रंग चढतो. आणि आपण ज्यांना पांढरे म्हणतो ते केस फोटोत बहुतेक करडेच असतात. खरोखर २५५ असलेल्या ठिपक्यावर ‘कलर’ पद्धतीनेही काही उमटत नाही, तिथे ‘मल्टिप्लाय’ या मिसळण्याच्या दुसऱ्या पद्धतीने आधी काळपटपणा आणावा लागतो. तेव्हा सूचनेत ‘पांढरे’ आणि ‘करडे’ वेगळे लिहा.

* * *

मास्कला मुखवटा म्हणू नका, एवढंच सांगायला आलो. मुखवटा चेहऱ्यावर चढतो आणि दुसरंच कोणी दाखवतो. हा मास्क नुसता झाकतो : काळं रंगवलं तिथे लेअर लपतो, पांढरं तिथे दिसतो, मधल्या करड्यात अर्धामुर्धा. मराठी हवंच तर ‘आडोसा’. नाहीतर मास्क हा शब्द आता घराघरांत पोचलाय, त्याला कशाला हुसकावता?

फेदरला पिसारा लिहिलेलं एकदा वाचलंय. कपाळ बडवून घेतलं. चित्र काढणारे म्हणतात ‘कड विरवा’. केसांच्या टोकांना, भांगाजवळ, कानामागे कड विरवली नाही तर केस नव्हे, टोप दिसतो. ओपॅसिटी कमी करायला मी ‘लेअर पातळ कर’ म्हणतो, समोरच्याला बरोबर कळतं. लेअरला थर, पदर, स्तर काय म्हणायचं ते म्हणा, शेवटी सगळे लेअरच म्हणतात.

* * *

क्रियापदाचंही बघा. ‘रात्री बसून आईचे केस काळे केले’ हे वाक्य मी सहज बोलून गेले, तर मैत्रिणीने विचारलं कलप कोणता वापरतेस. ‘फोटोत’ हा शब्द गाळला की मराठीत खऱ्या आणि खोट्या केसांत फरकच उरत नाही. ‘रंगवणे’पेक्षा ‘रंग बदलणे’ जरा सुरक्षित.

* * *

सगळ्यांचे आभार. वाक्य बदललं : ‘आधी फोटोतले केस थोडे उजळ करा. मग लाल रंगाचा जोर उतरवत न्या, नुसती लालसर झाक राहील इतपत. शेवटी केसांची कड विरवा.’ संपृक्तता, मुखवटा दोन्ही वगळले. मास्क आणि लेअर तसेच ठेवले.

काल पुन्हा दोघांना दिलं, फोटोही तोच. या वेळी वहिनीचे आणि भाच्याचे केस अगदी सारखे लालसर आले. भाच्याच्या फोटोत कानही लालसर आलाय, पण तो म्हणतो कान मुळातच तसा होता.