'ज्याचे त्याला' द्यायचे, पण कोणत्या शब्दाने? न्याय, नीतिमत्त्व, हक्क, येणे

प्रश्न

एका अभ्यासमंडळासाठी मी ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या 'सुम्मा' या लॅटिन ग्रंथातील न्यायविषयक प्रकरणांचे मराठीकरण करीत आहे. त्यात रोमन विधिज्ञ उल्पिअनची प्रसिद्ध व्याख्या येते: ज्याचे 'इयुस' (जे ज्याला मिळायला हवे ते) त्याला देण्याची अढळ आणि निरंतर इच्छा म्हणजे 'इयुस्तितिया'. 'इयुस्तितिया'ला 'न्याय' म्हणता येईल, पण 'इयुस'पाशी लेखणी अडते. 'हक्क' लिहावे तर तेराव्या शतकातला हा मठवासी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या भाषेत बोलू लागतो, आणि 'अधिकार' लिहावे तर डोळ्यांपुढे हुद्देदार उभा राहतो. शिवाय मराठी बायबलात याच शब्दकुळासाठी 'नीतिमत्त्व' वाचल्याचे आठवते. मग हे दोन वेगळे विषय आहेत की एकच?

पहिले उत्तर

विषय एकच आहे. मराठीत त्याच्या वाटण्या झाल्या आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तीन जागा शेजारी ठेवून पाहा. पाचव्या अध्यायात ज्याची भूक आणि तहान लागलेले लोक धन्य म्हटले आहेत ते 'नीतिमत्त्व' किंवा 'न्यायीपण'. विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी उशिरा आलेल्या मजुरांना 'जे योग्य ते' देण्याचे कबूल करतो. आणि संध्याकाळी, दिवसभर राबलेला मजूर सर्वांना सारखीच मजुरी मिळालेली पाहून कुरकुरतो तेव्हा तोच धनी म्हणतो की मी तुझ्यावर 'अन्याय' करीत नाही. ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी एकच धातुकूळ आहे: दिकाइओसुने, दिकाइओन, आदिको. लॅटिननेही ते नाते सांभाळले: इयुस्तितिया, इयुस्तुम, इनियुरिया. मराठी वाचकाला मात्र पहिली जागा सदाचाराची, दुसरी व्यवहाराची आणि तिसरी तक्रारीची वाटते. अनुवादकांचा यात दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण प्रत्येक जागी निवडलेला शब्द तिथे कानाला बरोबरच लागतो. हरवतो तो धागा.

ॲरिस्टॉटललाही ही दुहेरी अर्थच्छटा ठाऊक होती. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या पाचव्या भागात तो दिकाइओसुनेचे दोन अर्थ वेगळे करतो. एक म्हणजे दुसऱ्याच्या संबंधात प्रकट होणारा संपूर्ण सद्गुण आणि दुसरा म्हणजे वाटणी व भरपाई यांतला रास्तपणा. पहिल्याला 'नीतिमत्त्व' शोभेल, दुसऱ्याला 'न्याय'. तुमचा मजकूर बहुतांशी दुसऱ्या अर्थाचा आहे, तेव्हा 'न्याय' ठेवावा.

दुसरे उत्तर

'हक्क' इतक्या लवकर टाकून देऊ नये. अक्वायनसच्या लेखी 'इयुस' म्हणजे मुळात माणसाच्या अंगची एखादी मुभा नसून ती न्याय्य वस्तूच होय, म्हणजे जे दुसऱ्याच्या हाती पडायला हवे ते. आपल्या जुन्या वतनी कागदांतला 'हक्क' नेमका असाच आहे: पाटलाचा हक्क म्हणजे तेल्याकडचे तेल, चांभाराकडचा जोडा, तांबोळ्याकडची पाने. तो हक्क 'बजावायचा' नसे, उचलून घरी न्यायचा असे. अरबी 'हक्'मध्ये सत्य आणि देय या दोन्ही अर्थच्छटा आहेत, हेही येथे ध्यानात घ्यावे.

मात्र याच कारणाने तो शब्द धोक्याचाही आहे. वतनाचा हक्क वतनाला चिकटलेला असतो, माणसाला नव्हे. महारांचे म्हणून सांगितले जाणारे बावन हक्क गावकीच्या अपमानास्पद कामाशी जखडलेले होते, आणि म्हणूनच १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. 'ज्याचे त्याला' हे सूत्र ऐकायला निर्दोष वाटते, परंतु 'ज्याचे' काय हे आधी कोणी ठरवायचे? प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ज्याने त्याने आपापलेच काम करावे यालाच न्याय म्हटले आहे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात आंबेडकर चातुर्वर्ण्याचे त्या आदर्शाशी असलेले जवळचे नाते दाखवून त्यावरच बोट ठेवतात. 'मानवी हक्क' या जोडशब्दातले खरे काम 'मानवी' हे विशेषण करते, कारण ते हक्काला वतनापासून सोडवते.

ख्रिस्ती परंपरेत ही सोडवणूक ग्रीकांकडून आलेली नाही, ती हिब्रू बाजूने आली, असे माझे मत आहे. बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (२४:१९) सांगितले आहे की कापणीच्या वेळी शेतात पेंढी विसरली तर ती आणायला परत फिरू नये. ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची. खळ्यावर बलुतेदाराला मिळणारी पेंढी कामाच्या बदल्यात असे. ही मात्र कोणत्याही कामाबद्दल नाही, तरीही ती भिक्षा म्हणून दिलेली नसून 'त्यांची' म्हटली आहे. तुमच्या वाक्यासाठी मी आपल्या खातेवहीतला साधा शब्द सुचवतो: येणे. 'ज्याचे जे येणे असेल ते त्याला चुकते करण्याची अढळ आणि निरंतर इच्छा.'

पहिल्या उत्तरकर्त्याची पुरवणी

'येणे' सुरेख आहे, पण त्यामागे आधीचा व्यवहार गृहीत धरला जातो. आपण आत्ताच सांगितलेल्या पेंढीमागे तसा व्यवहार नव्हता.

प्रश्नकर्ता

हा आक्षेप मान्य आहे, तरी व्याख्येत मी 'येणे'च ठेवीत आहे आणि आधुनिक काळाविषयीच्या प्रस्तावनेत 'मानवी हक्क' लिहीन. 'मानवाधिकार' नको, राज्याच्या आयोगाचे मराठी नावही 'मानवी हक्क आयोग' असेच आहे. 'येणे' मला पटले ते पुढच्या एका प्रकरणामुळे. जिवावर बेतलेल्या गरजेत माणसाने दुसऱ्याच्या मालातून घेतले तर ती चोरी नव्हे, असे अक्वायनस तेथे म्हणतो, कारण त्या निकडीपुरते ते त्याचेच झालेले असते. तेथे 'हक्क बजावला' लिहून पाहिले, तर तो भुकेला माणूस एकदम वकील वाटू लागला. 'आपले येणे घेतले' असे लिहिल्यावर त्याच्या हातात भाकरी दिसली.