सत्तर दिवसांच्या दक्षिण अमेरिका क्रूझमधला कोणता टप्पा निवडावा?

रंकाळाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी ६४ वर्षांचा आणि माझी पत्नी ६१ वर्षांची असून आम्ही दोघेही निवृत्त आहोत आणि कोल्हापुरातच राहतो. दक्षिण अमेरिकेला समुद्रमार्गे प्रदक्षिणा घालणाऱ्या ७० दिवसांच्या एका क्रूझची माहिती आम्ही दोन वर्षांपासून वाचत आहोत. जहाज फ्लोरिडाहून निघते, ब्राझीलच्या किनाऱ्याने ब्युनोस आयर्सला येते, खंडाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून चिलीतील सान अंतोनियो बंदराला लागते आणि तिथून पेरू, इक्वेडोर, पनामा कालवा असे करत पुन्हा फ्लोरिडाला पोहोचते.

७० दिवस घर सोडणे आम्हाला शक्य नाही. आई ८८ वर्षांची आहे. धाकटा भाऊ इचलकरंजीहून येऊन तिच्याजवळ राहायला तयार आहे, पण त्यालाही फार तर २५ दिवस जमेल. कंपनी हाच प्रवास तीन टप्प्यांतही विकते. फ्लोरिडा ते ब्युनोस आयर्स २६ दिवसांचा, ब्युनोस आयर्स ते सान अंतोनियो १७ दिवसांचा आणि सान अंतोनियो ते फ्लोरिडा २७ दिवसांचा टप्पा आहे. जाण्यायेण्याचे दिवस धरले, तर मधला टप्पाच हिशेबात बसतो; मात्र कंपनी शेवटच्या टप्प्यातील काल्याओ (पेरूतील लिमाचे बंदर) ते फ्लोरिडा एवढा भागही स्वतंत्रपणे देते, म्हणून मन द्विधा झाले आहे.

पत्नीचे म्हणणे असे की, अंबाबाईची प्रदक्षिणा कोणी अर्ध्यातून सोडत नाही, मग एवढा खर्च करून अर्धवट प्रवास का करायचा? त्याशिवाय करूळ घाट उतरतानाही तिला मळमळते, त्यामुळे दक्षिण टोकावरच्या केप हॉर्नचे नाव काढले की ती धास्तावते. आमच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा आहे, कारण मुलगी तिकडे असते. ज्यांनी असा एखादाच टप्पा केला असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

राजारामपुरीकर

आम्ही दोघांनी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ब्युनोस आयर्स ते सान अंतोनियो हाच प्रवास केला, म्हणून अनुभवाने लिहितो. काकूंच्या शंकेला आधी उत्तर देतो. टप्पा निवडताना आम्ही एकच कसोटी लावली होती: जे गाव विमानाने जाऊन पाहता येते, त्यासाठी जहाजावरचे दिवस खर्ची घालायचे नाहीत आणि जे केवळ जहाजावरूनच दिसते, तेवढ्यासाठीच जहाज घ्यायचे. रिओ, लिमा, कार्ताहेना या शहरांना पुढे केव्हाही विमानाने जाता येईल, आणि तिथे दोन-तीन दिवस राहिल्यास जहाजाच्या आठ तासांच्या मुक्कामापेक्षा ती कितीतरी चांगली कळतील. बीगल खाडी, केप हॉर्न आणि चिलीच्या दक्षिणेकडील फ्योर्ड (डोंगरांत शिरलेले समुद्राचे अरुंद फाटे) यांना मात्र जहाजावाचून पर्याय नाही. तो सगळा भाग मधल्या टप्प्यात एकवटलेला आहे, त्यामुळे या टप्प्याला मी अर्धवट प्रवास म्हणणार नाही.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदराहून जहाज पश्चिमेकडे निघाले की काही तासांत बीगल खाडीच्या वायव्य शाखेत हिमनद्यांची रांग सुरू होते. हॉलंड, इटली, फ्रान्स, जर्मनी अशी देशांची नावे त्यांना दिलेली आहेत. त्यांतील एकीच्या खालच्या टोकापासून पाण्याचा धबधबा थेट खाडीत कोसळत होता आणि जहाजाने वेग इतका कमी केला होता की, इंजिनाच्या आवाजाआड तो पडताना ऐकू येत होता. बर्फाचा रंग पांढरा नसून आतून उजेड लावल्यासारखा निळा दिसतो. जानेवारीत तिथे जवळजवळ सतरा तास उजेड असतो, त्यामुळे रात्री साडेनऊलाही आम्ही डेकवर उभे होतो. माझ्या पत्नीने हातमोजे काढून कठड्याला हात लावला, तर तो ओला आणि इतका गार होता की तिने लगेच मागे घेतला. भर उन्हाळ्यात पारा दहा अंशांच्या आसपास होता.

केप हॉर्न साधारण ५६ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तिथे आमचे जहाज थांबले नाही, पण बेटाजवळून गेले आणि दुर्बिणीतून चिली नौदलाचे दीपगृह व उंचावरचे अल्बाट्रॉस पक्ष्याच्या आकाराचे स्मारक स्पष्ट दिसले. वारा कसा होता याची कल्पना द्यायची, तर आषाढात पन्हाळ्याच्या तटावर उभे राहिल्यावर छत्री उघडता येत नाही, तो वारा आठवा आणि त्यात मिठाच्या पाण्याचे तुषार मिसळा. अर्थात, या भागात हवामानापुढे कोणाचे चालत नाही. आमचे फॉकलंडमधील स्टॅन्ली बंदर रद्द झाले, कारण तिथे जहाज दूर नांगरून प्रवाशांना लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात आणि त्या दिवशी लाटा तेवढ्या अनुकूल नव्हत्या. पेंग्विन पाहण्याची आस एकट्या स्टॅन्लीवर ठेवू नका. तुमचे जहाज अर्जेंटिनातील पुएर्तो माद्रिनला थांबत असेल, तर पुंता तोम्बो या पेंग्विनांच्या वसाहतीची सहल आधीच ठरवा. ती वसाहत बंदरापासून सुमारे १८० किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन येण्यात सारा दिवस जातो, पण मॅगेलनी पेंग्विन तिथे वाटेवरून चालणाऱ्या माणसाच्या पायाजवळून जातात.

मळमळीबद्दल सांगायचे, तर पूर्ण १७ दिवस समुद्र खवळलेला नसतो. बीगल खाडी आणि फ्योर्ड दोन्हीकडून डोंगरांनी झाकलेले असल्याने तिथे पाणी शांत असते. त्रास होतो तो फॉकलंडच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या समुद्रात, केप हॉर्नला आणि चिलीच्या किनाऱ्यावर गोल्फो दे पेनास हे आखात ओलांडताना. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, कारण हेलकावा तिथे सर्वांत कमी जाणवतो. गोळ्या डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा आणि हेलकावे सुरू होण्यापूर्वीच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

एक चूक आमच्याकडून झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. आमच्या प्रवास-संस्थेने परतीचे विमान जहाजातून उतरण्याच्या दिवशीच दुपारी एकचे घेतले होते. सान अंतोनियो हे सान्तियागोपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. सामान मिळून बस सुटेपर्यंत साडेनऊ वाजले आणि विमानतळावर पोहोचेपर्यंत आमच्या दोघांच्याही तोंडचे पाणी पळाले होते. सान्तियागोला एक रात्र राहाच. जाताना ब्युनोस आयर्सला दोन दिवस आधी पोहोचा, कारण जहाज चुकले तर पुढचे बंदर गाठणे सोपे नाही. तिकीट जाताना ब्युनोस आयर्सचे आणि परतताना सान्तियागोहून असे एकत्रच काढा. दोन सुटी एकेरी तिकिटे बहुधा महाग पडतात.

पंचगंगा

मी स्वतः डॉक्टर आहे, म्हणून वर कोणीच ज्याचा उल्लेख केलेला नाही त्या विषयावर लिहिते. कोणताही टप्पा पक्का करण्यापूर्वी पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचा निर्णय घ्या. अर्जेंटिना, ब्राझील, पेरू, इक्वेडोर, कोलंबिया आणि पनामा हे देश भारत सरकारच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहेत. चिली आणि उरुग्वे त्यात नाहीत. यादीतील देश सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो, त्याच्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. परतीचे विमान कोणत्या देशातून येते, हेही याच नजरेने तपासा. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. लस केवळ सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, तेव्हा पुण्या-मुंबईची एक खेप हिशेबात धरा.

महत्त्वाचे असे की, ही जिवंत विषाणूंची लस आहे आणि साठीनंतर प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. आपण दोघेही साठीच्या पुढचे आहात. मधुमेह किंवा रक्तदाबाची नेहमीची औषधे चालू असणे हा सहसा अडसर नसतो. परंतु प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, थायमस ग्रंथीचा आजार किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर ते आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि त्यानंतरच आगाऊ रक्कम भरा. प्रवासविमा घेताना समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे पॉलिसीच्या कागदात स्वतः वाचून घ्या.

व्हिसाबाबत एकच गोष्ट सांगते, कारण ती माझ्या आई-वडिलांच्या वेळी ऐनवेळी लक्षात आली. मधल्या टप्प्यात जहाज ब्युनोस आयर्स सोडून उरुग्वेला जाते, पुन्हा अर्जेंटिनात पुएर्तो माद्रिनला येते, मग फॉकलंडला जाते आणि उशुआयाला तिसऱ्यांदा अर्जेंटिनात शिरते. त्यामुळे आपली प्रवेशाची परवानगी एकाच वेळेची असून भागणार नाही. अमेरिकेचा व्हिसा असणाऱ्या भारतीयांना तिकडचे काही देश सवलत देतात. तथापि हे नियम बदलत असतात, तेव्हा प्रत्येक देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा आणि जहाज कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. ब्राझीलचा व्हिसा वेगळा लागतो, आणि पहिला टप्पा न घेण्याचे तेही एक कारण होऊ शकते.

शाहूपुरी पाचवी गल्ली

राजारामपुरीकरांची कसोटी मला मान्य आहे. पण त्याच कसोटीवर पनामा कालवाही उतरतो, हे नम्रपणे नोंदवतो. सुमारे ८० किलोमीटरचा हा कालवा डोळ्यांनी पुरता समजायचा, तर जहाजातच बसायला हवे. आपले अवाढव्य जहाज पाण्याच्या पायऱ्या चढावे तसे गातुन सरोवरापर्यंत २६ मीटर उचलले जाते आणि पलीकडे तसेच उतरवले जाते. १९१४ साली हा कालवा सुरू झाला आणि खंडाच्या दक्षिणेकडील मॅगेलनच्या सामुद्रधुनीतील वर्दळ ओसरली. तिच्यावरच्या पुंता अरेनास या चिलीतील बंदराचे वैभव त्यानंतरच उतरले. शिवाय ज्यांना मळमळते त्यांच्यासाठी हा भाग केप हॉर्नपेक्षा खूप सौम्य आहे. मी काल्याओ ते फ्लोरिडा एवढाच प्रवास केला आणि माझ्या ७० वर्षांच्या वहिनींना एकही गोळी लागली नाही.

फक्त, काल्याओला जहाज थांबते म्हणून माचू पिचू पाहून होईल, असे समजू नका. तिकडे जाण्याच्या वाटेवरचे कुस्को शहर सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे आणि समुद्रसपाटीवरून एकदम तिथे जाऊन दीड दिवसात परतणे या वयात शरीराला झेपत नाही. जायचे असेल, तर जहाजावर चढण्यापूर्वी चार-पाच दिवस वेगळे काढा.

रंकाळाकाठ

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. मी काल रात्री सगळे उतारे पत्नीला वाचून दाखवले. हिमनद्यांचे वर्णन तिने दुसऱ्यांदा वाचायला सांगितले आणि ‘मोकळा समुद्र एकूण किती दिवस आहे ते मोजा’ असे म्हणाली. वेळापत्रकावरून मोजले, तर १७ पैकी पाच दिवस निघतात. तेवढे ती सोसायला तयार आहे; मात्र लसीबद्दल तिच्या डॉक्टरांनी होकार दिल्याखेरीज आम्ही पैसे भरणार नाही. पनामा कालवा मुलीकडे जाऊ तेव्हा फ्लोरिडाहून वेगळा करता येईल, असे वाटते.

आता दोनच शंका उरल्या आहेत. खोलीची नोंदणी आताच करावी की दर उतरण्याची वाट पाहावी? आणि भडंग व कांदा-लसूण मसाला सोबत नेता येईल का?

राजारामपुरीकर

वाट पाहण्यात जोखीम आहे. संपूर्ण प्रदक्षिणा करणाऱ्यांना कंपन्या खोल्या आधी देतात आणि टप्प्याच्या प्रवाशांना उरलेल्या मिळतात, त्यामुळे मध्यावरच्या खालच्या खोल्या लवकर संपतात. परत मिळू शकणाऱ्या आगाऊ रकमेचा पर्याय असेल, तर तो घेऊन खोली आताच अडकवून ठेवा. खोली जहाजाच्या उजव्या बाजूची मागा. ब्युनोस आयर्सहून दक्षिणेला जाताना किनारा उजवीकडे असतो, बीगल खाडीत पश्चिमेकडे वळल्यावर हिमनद्याही उजवीकडेच येतात आणि चिलीच्या किनाऱ्याने उत्तरेला चढतानाही जमीन उजव्या हातालाच राहते. उलट्या दिशेचे जहाज घेतले, तर हेच डाव्या बाजूला लागू होईल.

खाण्याच्या पदार्थांबाबत चिलीचे अधिकारी फार कडक आहेत. तिथे उतरताना जाहीरपत्र भरून घेतात. त्यात ‘होय’ लिहून डबा दाखवला तर फार तर तो काढून घेतील, पण न सांगता सापडला तर दंड होतो. जहाजावरच्या न्याहारीतले सफरचंद पर्समध्ये राहून गेले म्हणून आमच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंना बाजूला घेतले होते. भडंग पुएर्तो माद्रिनपर्यंत संपवा आणि मसाल्याची पुडी बंद, छापील वेष्टनाची असेल तेवढीच न्या.