पगारवाढ अडवणारी नोंद कामगाराला दाखवायची की नाही?

बाराबंदी
चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग सुपरवायझर आहे. यंदा पगारवाढ नाही. एचआरला विचारलं तर उत्तर, "तुमच्या फाइलला नोंद आहे." कसली? "ते दाखवता येत नाही." फाइल समोर टेबलावर, वर माझं नाव, आणि मॅडमचा हात तिच्यावर. नंतर ओळखीच्या एकानं हळूच सांगितलं : 'जानेवारीत विनापरवानगी गैरहजर.' अहो, गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, रजेचा अर्ज मी आधी दिलेला, मॅनेजरची सही घेऊन! अर्ज फाइलला लागला नाही, गैरहजेरी मात्र बरोबर लागली. ज्या कागदावरून माझा पगार ठरतो तो मला दाखवायलाच पाहिजे. चुकतंय का माझं?

शेंगाचटणी
मी अशाच टेबलाच्या पलीकडं बसते, म्हणून सांगते. फाइलमध्ये एकट्या तुमचे कागद नसतात. सहकाऱ्याची तक्रार असते, चौकशीतले जबाब असतात, आधीच्या मालकानं कळवलेलं असतं. हे उघडं केलं की उद्या कुणी तोंड उघडणार नाही. आणि सुपरवायझर मंडळी सगळ्यांनाच 'उत्तम' लिहून मोकळी होतील. तुमच्या अर्जाचं वाईट झालं, पण त्यासाठी अख्खं कपाट उघडायचं का?

निवृत्त_बाबू
ताई, हेच आम्ही झेडपीत गोपनीय अहवालाबद्दल, म्हणजे साहेब आमच्या कामावर शेरा लिहितात त्याबद्दल, ऐकत आलो. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरा कळवायचे. देवदत्त नावाच्या अभियंत्याला शेरा मिळाला 'चांगला', बढतीला लागायचा 'अतिशय चांगला'. 'चांगला' म्हणजे प्रतिकूल नव्हे, म्हणून कळवलाच नाही, आणि बढती गेली! सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली सांगितलं, प्रत्येक शेरा कळवा. 2013 ला सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. आता शेरे कळवतात, तरी कचेऱ्या चालूच आहेत.

शेंगाचटणी
काका, ते सरकारी नोकरीला. खासगी कंपनीला तो निकाल दाखवून बघा, चहा पाजून परत पाठवतील.

हुतात्मा_एक्सप्रेस
दुर्दैवानं ताईंचं बरोबर आहे. लोक 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर भिस्त ठेवून आहेत. त्यात स्वतःची माहिती मागायचा हक्क आहे खरा (कलम 11), पण तो जिथं तुम्ही संमती दिली तिथं. नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीविनाच माहिती वापरायची मुभा कलम 7 देतं. म्हणजे पळवाट कायद्यातच. आणि कागदी फाइल कपाटातच राहिली, तर हा कायदा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

पण तक्रारदाराच्या आडोशाचा मुद्दा मला पटत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीइतकी नाजूक गोष्ट दुसरी नाही. तिथंसुद्धा 2013 च्या नियमांप्रमाणं तक्रारीची प्रत समोरच्याला सात कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. मग गड्ड्याच्या रजेत एवढं काय गुपित आहे?

मागवाला
तुमच्या फाइली तुम्हाला लखलाभ. आमच्या कारखान्यात एक वही, कुणी किती उचल घेतली ती लिहिलेली. कामगारांचे हक्क वाढवा म्हणता, छोट्या मालकानं कारकून ठेवायचा कुठल्या पैशातून?

अशोक_चौक
मालक, ती वहीच तर फाइल. माझे वडील मागावर होते. उचल फिटली किती, राहिली किती, हे त्यांना कधी कळलं नाही. मालक सांगेल तो आकडा. वही फिरवून समोर धरायला कारकून कशाला लागतो?

मागवाला
आमच्याकडं विचारलं की दाखवतो. विचारत नाहीत.

अशोक_चौक
उचल अंगावर असलेला माणूस मालकाला हिशोब विचारतोय होय!

शेंगाचटणी
बरं, एवढं मानते : ज्या नोंदीनं वाढ अडली ती लेखी कळवावी, बाजू मांडायला वेळ द्यावा. जबाब आणि दुसऱ्यांची नावं मात्र मी झाकणारच. बाराबंदी, रजेच्या अर्जाची प्रत आहे का?

बाराबंदी
मोबाइलवर फोटो आहे, सहीसकट. नावं मला नकोतच, माझी नोंद दाखवा म्हणतोय. सोमवारी दोन प्रतींत अर्ज देतो आणि एकीवर पोच मागतो.

शेंगाचटणी
पोच देणार नाहीत. ईमेल करा, फोटो जोडून, आणि त्या मॅनेजरलाही प्रत टाका.